पॉलिशवाल्याची बोटं

एकतीस वर्षं तो एकाच कारखान्यात टेबलं, खुर्च्या आणि कपाटांची दारं घासत आला होता. आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि मधूनमधून थांबून उघड्या बोटांनी चाचपून बघायचं. डोळ्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. डोळ्यांचं काय, उजेड बदलला की त्यांचं मत बदलतं, असं तो म्हणायचा. गल्लीत त्याला सगळे पॉलिशवालाच म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई.

या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. त्याला आजोबांच्या आणि आजीच्या देशांत जायचं होतं. देश दोन, मध्ये नदी, नदीवर पूल. आजोबा अलीकडचे, आजी पलीकडची. दोघांनी लग्न केलं तेव्हा दोन्हीकडच्या माणसांनी तोंडं फिरवली. पुढे लढाई पेटली आणि पोराबाळांना घेऊन ती दोघं जी निघाली ती इकडे येऊन टेकली. त्याचे बाबा तेव्हा कडेवर होते आणि आत्या नऊ वर्षांची. आता ते सगळं डोळ्यांनी पाहिलेली एकटी आत्या उरली होती, वय शहाऐंशी. आजीचं घर कुठे ते तिलाच ठाऊक. आजीची भाषाही तिलाच येत होती, तीही मोडकीतोडकी.

बेत बावीस वर्षं शिजत होता. आधी मुलीचं शिक्षण आडवं आलं, मग बाबांचं अंथरूण, मग कारखान्याचा मालक. पण वही तयार होती. पाच दिवस अलीकडे, मग पूल चालत ओलांडायचा, सहा दिवस पलीकडे. आत्या सांगेल तसा त्याने नकाशा काढला होता. पूल उतरला की उजवीकडे वळायचं, खाली दोरखंडाचा कारखाना, वर घर, बाहेरून सात पायऱ्या. बायको बरोबर येणार नव्हती. तिचे पाय जमिनीवरून सुटले की तिचा जीव जायचा, आणि तिने तसं पहिल्याच वर्षी बजावून ठेवलं होतं.

मागच्या वर्षापासून मात्र आत्याचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग चालू राहिलेला गॅस, मग माणसं. पायऱ्या कधी सात असत, कधी पाच. पुलावरून वळायचं ते उजवीकडे की डावीकडे, यावर ती स्वतःशीच भांडू लागली. एकदा तर तिने त्याला त्याच्या बाबांचं नाव घेऊन हाक मारली आणि शाळेला उशीर केला म्हणून चांगलं झापलं. तो हसला, बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. आता नाही गेलो तर कधीच नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. नुसता दोघांनी प्रवास करून उपयोग नव्हता. आत्याला सगळं आठवतंय तोवर जायला हवं होतं.

दोन्ही देशांचा व्हिसा एकाच कचेरीतून मिळायचा. तिथे दहाही बोटांचे ठसे घेतात. आत्याची दहा बोटं मशीनने एका दमात घेतली. खिडकीतली बाई म्हणाली, "वा आजी, पहिला नंबर!" मग त्याची पाळी आली. लाल दिवा.

"हात पुसा." त्याने पुसले. लाल दिवा.

"जरा दाबून ठेवा." त्याने असं दाबलं की काच फुटते की काय. तरी लालच.

बाईने त्याचा हात धरून उजेडात वळवला. "अहो, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत!"

"घासल्या गेल्या असतील," तो म्हणाला. चोरी पकडली गेल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

नियम असा की दहातली निदान आठ बोटं उमटली पाहिजेत. तीन वेळा बघतात, तिसऱ्यांदाही जमलं नाही तर अर्ज बंद, आणि पुढचा अर्ज वर्षाने. दुसऱ्या खेपेला फक्त दोन करंगळ्या उमटल्या. बाई भली होती. ती म्हणाली, "काम थांबवा. दीड महिना कशालाही हात लावू नका. कातडी परत येते. मग या, मी तारीख लांबची देते." तेवढ्यात आत्याचा व्हिसा टपालाने आलासुद्धा, आणि त्याची मुदत चालू झाली.

मालकाच्या हातापाया पडून त्याने बिनपगारी रजा घेतली. बायकोला सांगितलं, दीड महिना मी कशालाही हात लावायचा नाही.

"मग वेगळं काय?" ती म्हणाली. "घरात तुम्ही एरवीही कशाला लावता?"

पण तेल कोमट करून त्याच्या बोटांना रोज चोळायची तीच. वर सुती हातमोजे. तो दिवसभर खुर्चीत बसून राही. कुणी परक्याने पाहिलं असतं तर याचे हात भाजलेत असंच म्हटलं असतं. पाचव्या आठवड्यात बोटांवर बारीक रेषा दिसू लागल्या. लहान पोर नवा दात दाखवतं तशी तो खिडकीशी नेऊन सगळ्यांना बोटं दाखवायचा. आत्या वाकून बघायची आणि म्हणायची, "आली हो, आली."

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी बायको बाजारात गेली होती. प्रवासासाठी आणलेली नवी काठी घेऊन आत्या खोलीत फेऱ्या मारत होती. थांबून ती म्हणाली, "टोचते रे ही मुठीत."

त्याने काठी हातात घेतली. विकणाऱ्याने नुसता रंग फासला होता, खाली लाकूड तसंच खरखरीत. या मुठीवर भार टाकून आत्या तो अख्खा पूल चालणार होती. दोन मिनिटांचं तर काम, असं म्हणत त्याने कपाटातून पॉलिशपेपर काढला. सुरुवात हातमोजे घालूनच केली. पण हातमोज्यातून काही समजेना. त्याने उजवा काढला, फक्त चाचपून बघायला. मग डावा. मूठ झाली तेव्हा खालचा भाग तिच्यापुढे ओबडधोबड वाटू लागला. जाड झाला, बारीक झाला, त्याहून बारीक झाला. बावीस वर्षांचा बेत, दीड महिन्याची रजा, बायकोचं ते तेल, त्याला कशाचीही आठवण राहिली नाही. असल्या माणसाला धरून हलवावंसं वाटतं, पण तेव्हा घरात होती ती आत्या, आणि ती कौतुकाने बघत होती.

काठी गालाला लावून पाहिली तेव्हा त्याचं समाधान झालं. मग हात धुतले. पाण्याखाली बोटं गुलाबी, गुळगुळीत, कोरी. बायको आली तेव्हा त्याने हात खिशात घातले आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीतली बाई हसून म्हणाली, "दाखवा बघू." करंगळ्या उमटल्या. डाव्या हाताची आणखी तीन बोटं, ओढूनताणून. पाच झाली. सहावं काही केल्या येईना. नियम मोडून तिने अकरा वेळा प्रयत्न केला. मागची रांग कुरकुरायला लागली.

"बाई, अजून एकदा."

"अहो, होत नाहीये."

"दीड महिना मी पाण्याचा पेलासुद्धा उचलला नाही. कालच फक्त... बाई, ती शहाऐंशीची आहे. तुम्हाला हवी तर ही बोटं कापून ठेवून घ्या, पण मला जाऊ द्या हो!"

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी शिक्का तिने मारलाच, कारण मारावाच लागणार होता.

आत्या पलीकडच्या बाकावर बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. माझ्याच हातांनी केलं, म्हणाला. आज तिचं डोकं लख्ख होतं. नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

"ह्या काठीपायी?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. ती रागावली नाही.

"आत्या, तू जा. तुझा व्हिसा आहे ना. विमानतळावर चाकाची खुर्ची देतात, माणूस देतात. तू तरी बघून ये."

"मी बघून काय करू? मी पाहिलंय ते घर. मला तुला दाखवायचं होतं."

"मग पुढच्या वर्षी जाऊ. नक्की जाऊ. मी आजपासून कामच सोडतो, लाकडाला शिवत नाही. वर्ष काय, हां हां म्हणता जाईल."

आत्याने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नीट बघून घेतला.

"येईन की पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "तू नेशील तिथे येईन. कुठल्याही घरासमोर उभी कर मला, आणि सांग, आत्या, हे आपलं घर. मी हो म्हणेन."

तो तिथेच, सगळ्या रांगेदेखत, तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.