कमरेचा कासरा
परवा मुलाच्या मोबाइलवर ती जुनी अंतराळयानाची मालिका दिसली आणि माझ्या नाकात सरकीसकट कापसाचा उबट वास शिरला. लहानपणी ती मालिका लागायची त्या वर्षी घाटंजीजवळच्या आमच्या घरात, भाव नव्हता म्हणून, एक अख्खी खोली कापसानं माळ्यापर्यंत भरलेली होती. रविवारी मालिका संपली की मोठी बहीण आणि मी त्या ढिगावर परग्रहावर उतरल्यासारख्या तरंगत चालायचो. बहीण कप्तान. तिनं माझ्या कमरेला बैलाचा कासरा बांधला. मी कुरकुरले, तर म्हणाली, “दोराबिगर कोनी यानाच्या भाईर जाते काय वं?” मी भिंतीकडे उडी मारली आणि पायाखालचा कापूस खचला. मी डोक्यासकट आत गेले. नाकातोंडात कापूस भरला. ओरडले, तर माझा आवाज मलाच ऐकू येईना. हात मारावेत तितकी आणखी खाली जात होते. दिवसाढवळ्या सगळं काळं झालं. मग कमरेला हिसका बसला. वर आले तेव्हा बहीण कासरा दोन्ही हातांनी धरून होती, तिच्या तळहातांची सालं निघालेली. “आईले सांगू नको,” एवढंच म्हणाली. मुलगा मोबाइल बघत हसला, “आई, हे यान तर पुठ्ठ्याचं आहे!” असेलही. पडद्यावर यानाचं दार उघडलं आणि माझा हात आपोआप कमरेशी गेला, गाठ पक्की आहे का बघायला.