हरेश्वरकाका आणि हवेचं वजन

कुठलंही इंजिन चालू झालं की हरेश्वरकाका बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटून घ्यायचे. कळंबच्या किनाऱ्यावरचा वारा सुरूच्या झाडांतून गाळला जाऊन त्यांच्या छोट्या गॅरेजात यायचा, वाळत घातलेल्या मासळीचा वास घेऊन. त्या वाऱ्यात काका बराच वेळ तसेच उभे राहायचे आणि हळूहळू इंजिनाच्या बरोबरीने श्वास घेऊ लागायचे. मग डोळे उघडून एवढंच सांगायचे, "पोटभर जेवतंय." कधी म्हणायचे, "उपाशी हाय."

मी नालासोपाऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. माझी नवी गाडी पहिल्यांदा त्यांच्याकडे नेली तेव्हा त्यांनी तिच्यावरही हात ठेवला, आणि थोडं वाईट वाटल्यासारखे हसले. "हिला माझी गरज नाय, बाय. ही आपलं आपन बघते."

मला काही समजलं नाही. त्यांनी मला बाहेर नेलं आणि वर आभाळाकडे बोट दाखवलं.

"आपन समुद्राच्या कडेला ऱ्हातो. वरच्या सगळ्या हवेचं ओझं आपल्या डोक्यावर. म्हनून इथली हवा जड, दाट. डोंगरावर जाशील तशी ती पातळ होत जाते. त्या पातळ हवेला तेवढंच पेट्रोल दिलं तर जळनार कसं? काळा धूर निघतो, गाडी धापा टाकते. तुझ्या गाडीत एक नाक बसवलंय. ते हवेचा दाब हुंगतं, आतल्या कॉम्प्युटरला सांगतं, तो पेट्रोल कमी सोडतो. तुला कळतसुद्धा नाय."

"आणि तुमच्या जीपला?" मी विचारलं. गॅरेजच्या मागे त्यांची जुनी पेट्रोल जीप उभी होती, कार्बोरेटरात हवा आणि पेट्रोल मिसळणारी.

"तिला नाक कुठलं? तिला मी हाय."

त्या दिवसापासून माझे बरेचसे रविवार कळंबला जाऊ लागले. काकांच्या बायकोने, वासंतीकाकूंनी, उभा जन्म नालासोपाऱ्याच्या बाजारात मासळी विकली होती. दोघांना मूल नव्हतं. संध्याकाळी तिघं ओट्यावर चहा घेत बसायचो. ओहोटीचं पाणी लांब लांब जायचं, ओली वाळू आभाळाच्या रंगाची व्हायची, आणि काका कधीही न पाहिलेल्या घाटांबद्दल बोलायचे. कितव्या वळणावर इंजिनाचा आवाज बदलेल, हे ते इथे बसून ऐकत असायचे. काकू मध्येच म्हणायच्या, "मला बर्फ बघायचाय. मासळीवरचा नाय. आभाळातून पडलेला."

एका मे महिन्यात काकूंना बर्फ दाखवायला काकांनी जीप काढली. "तू पन चल," काकू मला म्हणाल्या. "ह्याला गाडीशिवाय दुसरं बोलता येत नाय." शाळेला सुट्टी होती. मी निघाले.

हिमाचलात चढ लागला तशी जीप जड झाली. रस्त्याच्या कडेला देवदारांच्या सावलीत काकांनी बॉनेट उघडलं. खोबरेल तेलाच्या जुन्या डबीत त्यांनी निरनिराळे जेट आणले होते. जेट म्हणजे पेट्रोल जिथून कार्बोरेटरात येतं ते बारीक भोकाचं पितळी बूच. मोठ्या भोकाचं काढून त्यांनी लहान भोकाचं बसवलं. जीप पुन्हा गुणगुणू लागली. आणखी वर गेल्यावर त्याहून लहान. प्रत्येक वेळी ते डोळे मिटून उभे राहायचे. खालून ढग यायचे, त्यांना झाकून टाकायचे, निघून जायचे, आणि ते तिथेच असायचे, बॉनेटवर हात ठेवलेले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

ज्या खिंडीत बर्फ मिळणार होता ती आता फार दूर नव्हती. समोरच्या कड्यावर बर्फाची पांढरी रेघ दिसायला लागली होती. मी काकूंना ती दाखवायला वळले. त्यांचे ओठ निळसर झाले होते. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होत्या, आम्ही प्रवासाचा शीण समजलो होतो. आता त्या मला विचारत होत्या, "भरती कधी लागेल गं?"

"काका, थांबा."

काकांनी वळून पाहिलं. जीप थांबवली, खाली उतरून मागे आले आणि काकूंच्या छातीवर तळहात ठेवला. डोळे मिटले. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती, फोन लागत नव्हता.

"गाडीला हवा कमी पडली तर पेट्रोल कमी करता येतं," ते अगदी हळू म्हणाले. "मानसाचं काय कमी करायचं?"

मग ते झटकन पुढे जाऊन बसले. बर्फाकडे एकदाही न बघता त्यांनी जीप वळवली.

खाली येऊ लागलो तशी हवा दाट होत गेली, आणि लहान जेटमधून येणारं पेट्रोल जीपला पुरेना. मध्ये चढ लागला की इंजिन फटफट करायचं, तापायचं. कुठल्याही इंजिनाची उपासमार सहन न होणारा हा माणूस ते ऐकत पुढे बघून चालवत होता. न राहवून मी म्हटलं, "काका, जेट बदलायचा ना? इंजिन जाईल."

"जाऊ दे."

"जीप बंद पडली तर?"

"नाय पडनार. आधी हिचा श्वास, बाय. तू हिचं डोकं धर."

दरीतल्या गावी पोचेपर्यंत काकूंच्या ओठांना रंग आला होता. दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर खाली आणलंत. बाहेर अंगणात जीप बंद केली ती पुन्हा चालू झाली नाही. व्हॉल्व्ह जळले होते. तिला तिथल्याच एका गॅरेजवाल्याला देऊन आम्ही रेल्वेने परत आलो. गाडीत काकू खिडकीशी बसून पुटपुटल्या, "रेघ दिसली मला. पांढरी. बास झालं."

ही गोष्ट होऊन काही वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात काकांना श्वास पुरेनासा झाला. दवाखान्यातून घरी आणलं, कारण तिथे करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. ओट्यावर खाट टाकली होती. सकाळचं धुकं पाण्यावर तरंगत होतं, होड्या त्यात अर्ध्या बुडाल्यासारख्या दिसत होत्या. मी पायाशी बसले होते. काकू उशाशी, त्यांच्या छातीवर हात ठेवून.

काकांनी धापा टाकत समुद्राकडे पाहिलं आणि थोडंसं हसले.

"वासंती, आता अजून खाली कुठं उतरनार? पुढं तर पानीच."

काकूंनी त्यांच्या अंगावरची गोधडी नीट केली.

"उतरायचं नाय आता," त्या म्हणाल्या. "इथंच बसू."

आणि धुकं विरेपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो.