मान दिसेपर्यंत

हे लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून पुसलं, कारण यात मीही हसलेय आणि ते सांगायची लाज वाटते.

आमच्या काठावर, किगोमाच्या खाली, टांगानिका सरोवराच्या पाण्यात दोन साप आहेत. एक साधा तपकिरी, काही न करणारा. दुसरा पाण्यातला नाग. अंग त्याचंही तपकिरीच, फक्त मानेवर काळे पट्टे. मोठा नाग लांबूनच कळतो, पण हातभर पिल्लू शेपटीकडून बघितलं तर कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही. म्हणून जाळ्यात काही वळवळलं की सगळे गावातल्या म्हाताऱ्या बुटोयी बाबांना हाक मारायचे. ते येऊन उकिडवे बसायचे आणि मान दिसेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत.

मी सुट्टीत गावी गेले तेव्हा माझ्या भावाच्या, रेवोकातुसच्या नव्याकोऱ्या जाळ्यात एक अडकला. डोकं गुंत्यात खोल, शेपटी बाहेर. बाबांना आता धूसर दिसतं. ते बघतच बसले. रेवो वैतागला, म्हणाला, बाबा, लग्नाची मुलगी बघताय का, लवकर बोला, मी हाताने ओढून काढतो.

"मान दिसत नाहीये," बाबा म्हणाले. "जाळं काप."

"अहो साधाच आहे तो. रंग बघा की."

"असेल. मला माहीत नाही. काप."

रेवोने शिव्या घालत कापलं, गुंता काठीने पाण्यात ढकलला. साप सुटला. मान साफ तपकिरी. साधाच होता. सगळा काठ हसला. आता म्हाताऱ्याला गांडूळही नाग दिसणार, असं कुणीतरी म्हणालं. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी राहवेना. थोडी सुकी मासळी घेऊन त्यांच्याकडे गेले. दारात बसून बाबा तेच जाळं बोटांनी चाचपत सांधत होते, रेवोकडून मागून आणलेलं. विचारलं, काल वाईट वाटलं का? म्हणाले, छे, पट्टे नव्हते म्हणून बरंच वाटलं. मग जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली.

"तुझी स्कोला आजी दगडांवर भांडी घासत होती. फटीतून शेपटी दिसत होती. तिने विचारलं, कुठला हो हा? मी होडीतूनच म्हटलं, साधा आहे, हाताने ढकल."

एवढंच सांगून ते पुन्हा जाळं चाचपू लागले. बाबांची ही बायको मी पाहिलेलीच नाही. ती कशाने गेली, हे गावात कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आता काठावर त्यांना कुणी बोलावत नाही. परवा रेवो फोनवर म्हणाला, एकाने रंग बघून हातानेच काढला, काही झालं नाही. काही झालं नाही, याचीच मला भीती वाटते.

माझी परीक्षा आहे, मला जाता येत नाही. तुमच्यापैकी कुणी सुट्टीला तिकडे जात असाल तर आधी बुटोयी बाबांकडे जा ना. त्यांना हात धरून काठावर न्या, शेजारी बसा, सगळ्यांदेखत त्यांनाच विचारा. थोडंफार दिसतंय त्यांना अजून. लवकर जा.