त्सुगिए-सानचं खोटं

आमच्या आळीत टोफूचं दुकान चालवणारी त्सुगिए-सान कमी बोलते, आणि खोटं तर बोलतच नाही. टोफू कालचा असला तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. म्हणून मॅरेथॉनच्या दिवशी आपण खोटं बोललो, असं तिने सांगितलं तेव्हा आम्हाला आधी ते खरंच वाटेना.

कुवाबारा-सान अंध आहेत. रेल्वे फाटकाजवळ दोन खाटांच्या खोलीत मालिश करतात. सहा वर्षं दर रविवारी सकाळी ते आणि त्सुगिए-सान अराकावा नदीच्या बांधावर धावत. हातभर दोरीचं एक टोक त्यांच्या मुठीत, दुसरं तिच्या. चढ, खड्डा, वळण, सगळं तिच्या तोंडून. टोकियोच्या मॅरेथॉनसाठी चिठ्ठीत नाव निघावं लागतं. कुवाबारांचं सातव्या खेपेला निघालं. तोवर ते एकसष्टचे झाले होते.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीला मजेत चाललं होतं.

"पुढे एक माणूस केळ्याचा पोशाख घालून धावतोय," ती म्हणाली.

"पिकलेलं का?"

"दमून काळं पडायला लागलंय."

"मग आपण गाठू त्याला."

वाटेत ठरावीक अंतरावर तपासणी नाकी होती. वेळ संपली की नाकं बंद, आणि मागे राहिलेल्यांना बस. तिसाव्या किलोमीटरनंतर कुवाबारा पाय ओढायला लागले. बोलणं जड झालं. ती "उतार" म्हणाली की ते "हो" म्हणायचे, पण पाऊल बदलायचे नाहीत. ओठ पांढरे पडले होते, आणि थंडीतही मानेवरून घाम ओघळत होता.

"थांबू या का?" तिने दोनदा विचारलं.

"गप्प बसा, आणि रस्ता सांगा."

पस्तिसाव्या किलोमीटरचं नाकं दोनशे पावलांवर दिसायला लागलं. उघडं होतं. त्सुगिए-सान धावायची थांबली आणि म्हणाली, "बंद झालं."

कुवाबारा थांबले. शेजारून पावलं धडधडत गेली.

"हे कोण चाललेत?"

"बसकडे चाललेत."

तेवढ्यात पुढून कर्ण्यातून आवाज आला, "अजून तीन मिनिटं! या, पळा!"

कुवाबारांनी दोरीचा हात पुढे केला. ती जागची हलली नाही. तीन मिनिटं ती दोघं रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि लोक त्यांना वळसा घालून गेले.

नाक्याजवळच्या दवाखान्याच्या तंबूत डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. "पाणी कमी पडलंय थोडं. बाकी ठीक आहे, आजोबा."

बसमध्ये तिने माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती माफ केलं म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही.

गुरुवारी ती नेहमीसारखी खांदा दाबून घ्यायला गेली. त्यांनी नेहमीसारखा दाबला.

"रविवारी किती वाजता?" तिने विचारलं.

"रविवारी दोरी धरायला हिरोसे नावाचा मुलगा येणार आहे." अंगठा मानेपाशी थांबला. "रस्ता सांगायचं काम तुमचं होतं, त्सुगिए-सान. अंग माझं होतं. मला भीती वाटतेय, असं म्हणाला असतात तर मी थांबलो असतो."

"थांबला असतात?"

अंगठा पुन्हा फिरायला लागला. "माहीत नाही. पण ते मी ठरवलं असतं. श्वास सोडा."

त्या रविवारी दुकान उघडायच्या आधी ती बांधावर गेली. लांबून दोघे येताना दिसले. हिरोसे तरुण, उंच. वारा, बदकं, काहीबाही सांगत होता. वाटेवर गटाराचं झाकण उघडं पडलं होतं. त्याचं लक्ष नव्हतं.

"डावीकडे!" ती ओरडली.

हिरोसे दचकून बघेपर्यंत कुवाबारा डावीकडे सरकलेही होते. चाल मोडली नाही, मान वळली नाही. उघड्या गटाराला वळसा घालून दोघे पुलाच्या दिशेने निघून गेले.