मैना आणि मोबाईलवाले

त्या रविवारी संयोगिताच्या हाताला काही केल्या थारा नव्हता. शेणाची पाटी उचलायची, अर्ध्या वाटेत खाली ठेवायची, पदराला बोटं पुसून मोबाईल उघडायचा, रील किती जणांनी पाहिली ते बघायचं आणि पुन्हा पाटी उचलायची. दुपारपर्यंत गोठा एकदा झाडून झाला होता, तरी तिने तो परत झाडायला घेतला. मैना म्हैस रवंथ करत तिच्याकडे बघत होती. घरात तेवढी एकटीच काय ती स्वस्थ होती.

गंगावेशीजवळच्या दूधकट्ट्यावर संयोगिताच्या सासऱ्यांच्या वेळेपासून या घरची म्हैस उभी राहत आली होती. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला तिथल्या तिथे त्याच्या हातात द्यायचा, हा धंदा. सासऱ्यांनंतर तो तिचे यजमान विजयसिंह यांच्याकडे आला. पावसाळा सरता सरता ते गोठ्यात घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मुठीत जोर परतला नाही.

दुभती म्हणून एक मैनाच होती, आणि ती विजयसिंहांच्या हाताला सवकलेली. संयोगिता बसली की ती पान्हा चोरायची. कासांडीचा तळ कसाबसा ओला व्हायचा. कट्ट्यावरचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे आण्णा, एके काळचे पैलवान. त्यांनी चार दिवस हा तमाशा बघितला आणि म्हणाले, “वैनी, नवऱ्याचा शर्ट घाला की अंगात. धुतलेला नगो. म्हशीला तुमच्या तोंडाशी काय करायचंय? तिला वास लागतोय.”

तिने खुंटीवरचा मळका शर्ट साडीवर चढवला. मैनेने बाहीला नाक लावलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि धार कासांडीत वाजू लागली. “आयला, विजयसिंह लईच बारीक झाल्यात!” आण्णा म्हणाले आणि सगळा कट्टा हसला.

हसायला माणसं होती, प्यायला मात्र दिवसेंदिवस कमी होत गेली. विजयसिंहांच्या खणखणीत हाकेवर येणारे लोक आता पुढच्या म्हशीपाशी थांबू लागले. बाईमाणसाजवळ उभं राहून दूध प्यायला काहींना अवघड वाटायचं. उरलेलं दूध घरोघरी घालावं लागे. विजयसिंह प्लास्टिकच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून हे सगळं बघत बसायचे. एके संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, “शिरोळच्या वर्धमान पाटलांना निरोप धाडलाय. रविवारी धार बघायला येत्यात. पसंत पडली तर देऊन टाकू.”

“आणि गिऱ्हाईक आलं तर?”

“कुठनं येतंय? आभाळातनं?”

“आलं तर?”

“आलं तर बघू की.”

एवढ्या एका शब्दावर संयोगिताने शेजारच्या तेजस्वीला गाठलं. तेजस्वी कॉलेजात जायची आणि चुलतभावाच्या भडंगाच्या दुकानासाठी रील बनवायची. ती उत्साहाने आली, पण तो शर्ट बघून तिने नाक मुरडलं. “काकी, ह्यात न्हाय काढायचं. नऊवारी नेसा, नथ घाला, गजरा माळा. बघा कशी पळती रील!”

मग जे केलं ते दोन तुकड्यांत केलं. गोठ्यात शर्ट घालून धार काढली, त्यातली फक्त कासांडी आणि बोटं दाखवली. नंतर नऊवारी नेसून, मैनेच्या शिंगांना गोंडे बांधून, आधीच काढलेलं दूध उंचावरून पेल्यात ओतलं. रील अशी जोडली, की नथवाली बाईच धार काढते आहे असं वाटावं.

ती रील खरंच पळाली. नागपूरहून, जालन्याहून लोकांनी, एकाने तर दुबईहून, रीलखाली लाल बदाम पाठवले. संयोगिता स्वयंपाक करताना, जेवताना, अंथरुणावर पडल्या पडल्या आकडा बघत राहिली. आकडा वाढत होता आणि कट्ट्यावर आण्णा एकटेच उभे होते.

“दुबईचं पावणं कधी येणार दूध प्यायला?” विजयसिंहांनी विचारलं.

ती रडकुंडीला आली आणि तेजस्वीवर तडकली. तेव्हा कुठे दोघींच्या ध्यानात आलं, की कट्टा कुठे आहे, म्हैस किती वाजता येते, यातलं काहीच रीलमध्ये नव्हतं. दुसरी रील साधी केली. गंगावेशीत कुठून वळायचं ते चालत चालत दाखवलं आणि शेवटी संयोगिता स्वतःच बोलली, “रविवारी संध्याकाळी पाच वाजता या. तुमच्या समोर धार काढून देते.” ही रील थोड्याच लोकांनी पाहिली, पण खाली विचारणारे सगळे गावातले होते. कुणी राजारामपुरीतलं, कुणी कसबा बावड्यातलं. लहान मुलांना आणलं तर चालेल का, असं एका आईने विचारलं होतं.

रविवारी पाचला कट्टा भरून गेला. संयोगिता मैनेला आणि तिच्या रेडकाला घेऊन कोपऱ्यावरून वळली आणि तिने दावं आवळून धरलं. पोरं, बायका, कडेवर मुलं घेतलेले बाप, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. तेजस्वीने गोल दिवा आणून उभा केला होता. वर्धमान पाटील एका बाजूला छत्री टेकून उभे होते, शेजारी विजयसिंह, सकाळपासून अंगात तोच इस्त्रीचा शर्ट. लोक नथवाल्या काकींना बघायला येणार म्हणून संयोगिताने नऊवारी नेसली होती. मळका शर्ट घरी खुंटीवर होता. आता मैनेला आपली सवय झाली असेल, असं ती वाटभर स्वतःला सांगत आली होती.

तिने रेडकू सोडलं. त्याने ढुशा दिल्या, लुचलं, आणि निराश होऊन बाजूला झालं. संयोगिता बसली. दिवा लागला. मैनेने डोळे फिरवले, कान मागे टाकले आणि मागचा पाय उचलला. आचळातून चार थेंब आले आणि थांबले.

“काकी, खरी म्हैस हाय न्हवं? का पुठ्ठ्याची?”

“व्हिडिओत तर लई फेस हुता!”

“पिशवीतलं दूध ओतत असत्यात हो. सगळं नाटक.”

“पावणं, जरा दम काढा,” आण्णा गुरकावले.

संयोगिताच्या मानेवरून घाम ओघळत होता. नथ ओठाला टोचत होती. मागून वर्धमान पाटलांचा आवाज आला, “विजयसिंह, पान्हा चोरती व्हय ही? मग कठीण हाय बाबा. असली म्हैस मी न्हाय नेत.”

ते ऐकून तिचे हात कासेवरच थांबले. अशीच बसून राहिले तर पाटील आल्या पावली परत जातील. मैना दावणीला राहील. हेच तर हवं होतं! पण ही सगळी माणसंही जातील, आणि म्हैस चोर, बाई खोटी, असं गावभर सांगत सुटतील. मग दावणीला राहिलेल्या मैनेचं दूध पिणार कोण? आणि मैनेने काय केलं होतं? खोटं जोडलं होतं ते आपण आणि तेजस्वीने.

ती ताडकन उठली. “तेजू, दिवा बंद कर. सगळ्यांनी मोबाईल खिशात घाला. रीलमध्ये दूध ओतताना नऊवारी होती, धार काढताना न्हवती. ही म्हैस माझ्या नवऱ्याच्या वासावर दूध देती. थांबायचं त्यानं थांबा.” आणि ती तशीच विजयसिंहांसमोर गेली. “आवो, शर्ट काढा.”

“इथं?”

“मग काय जोतिबाला जाऊन?”

“खुळी झालीस काय गं? भरल्या कट्ट्यावर!”

“सकाळी हाच घालून वैरण टाकलीय न्हवं? काढा.”

विजयसिंहांनी एकदा गर्दीकडे, एकदा पाटलांकडे बघितलं. मग डाव्या हाताने गुंडी चाचपू लागले. ती निघेना. उजवी बोटं तर वळतच नव्हती. संयोगितानेच पुढे होऊन एकेक गुंडी सोडली. कुणीतरी शिट्टी मारली. आण्णांनी त्याच्याकडे नुसतं वळून बघितलं, शिट्टी तिथेच विरली.

बनियनवर उभे राहिलेले विजयसिंह मान खाली घालून मैनेच्या तोंडापाशी गेले आणि तिचं कपाळ खाजवू लागले. संयोगिताने नऊवारीवर शर्ट चढवला, नथ काढून कनवटीला लावली आणि बसली. मैनेने मान वळवून बाही हुंगली, पुन्हा एकदा हुंगली. मग कासांडीत धार वाजली, आणि बघता बघता फेस काठाला आला.

पहिला पेला तिने पुठ्ठ्याची म्हैस म्हणणाऱ्या पोराच्या हातात दिला. त्याने तो एका दमात संपवला आणि मिशी पुसत आईसाठी दुसरा मागितला.

वर्धमान पाटीलही पेला घेऊन जवळ आले. “धार झकास हाय की! मी शब्द मागं घेतो. बोला, कधी धाडताय?”

संयोगिताने वर बघितलं नाही. कासेवरचे हात तेवढे मंदावले.

“पाटील,” विजयसिंह म्हणाले, “म्हैस न्यायची तर बायकोपण न्यावी लागंल. आणि माझं सगळं शर्ट. मग मी काय असंच बनियनवर हिंडू?”

पाटील खो खो हसले. “तसं न्हाय जमायचं बाबा. घरात एक हाय, तीच आवरंना.” त्यांनी पेला ठेवला, मैनेच्या पाठीवर थाप मारली आणि छत्री उचलली.

दूध लवकरच संपलं. अर्धी रांग अजून तशीच उभी होती. काहीजण कुरकुरत निघून गेले, काहींनी सकाळची वेळ विचारून घेतली. त्यातले येणार किती, आणि आज काय लिहिणार मोबाईलवर, या काळजीने संयोगिताचं डोकं पुन्हा भणभणू लागलं. तिचा हात कनवटीकडे, मोबाईलकडे गेला.

“ते राहू दे. आधी रेडकाला सोड, ओरडतंय कवाधरनं,” विजयसिंह म्हणाले. मग त्यांनी रिकामे पेले डाव्या हाताने गोळा करून बादलीत बुडवले आणि निघालेल्या लोकांच्या पाठीवर जुन्या आवाजात हाळी दिली, “सकाळी सहाला या, पावणं! लवकर या!”