बहिणीच्या ओट्यावरचं ऊन

"थांब रे, उजेड सरकू दे," म्हणत बाई लॅपटॉपचा पडदा पदराने पुसायच्या. तो पुसल्याने तिकडचं ऊन स्वच्छ पडणार होतं की काय, देव जाणे.

शाळेत त्या मला चित्रकलेला होत्या. निवृत्त झाल्यावर नौपाड्यातल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात फोटो घेऊन येऊ लागल्या. ओस रस्ते, रिकामे धक्के, बंद खिडक्या. "कुठलं हो गाव?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरवरच्या खेळातलं. पूर्वी लोक इथे घरं बांधून गप्पा मारत बसायचे. आता कुणी फिरकत नाही."

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. पण त्या खेळातल्या गावात शिरून, तिथला सूर्य हवा तिथे येईपर्यंत त्या हनुवटीला हात लावून बसायच्या आणि मगच फोटो टिपायच्या. निघताना त्या ओसाडीलाही "येते हं" म्हणायच्या.

त्यांची धाकटी बहीण परदेशात असायची. दोघी रोज त्या गावात भेटायच्या. बहिणीने तिथे कौलारू घर बांधलं, ओट्यासमोर तुळस लावली. ती आजारी पडून तिकडेच वारली. बाईंना जाताही आलं नाही. पुढे त्यांनी सगळं गाव टिपलं, ते घर सोडून. "मनासारखं ऊन मिळत नाही," म्हणायच्या.

मग खेळाच्या कंपनीने कळवलं, ते गाव शुक्रवारी दुपारी कायमचं बंद. आणि शुक्रवार म्हणजे आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार! बाई धापा टाकत दुकानात आल्या. "तुझा इन्व्हर्टर चालू आहे ना रे? लॅपटॉपची बॅटरी पार गेलीये."

काउंटरवरच लॅपटॉप उघडला. पडद्यावर बहिणीचं घर, ओट्यावर सावली. इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला. मी पंखा बंद केला, दुकानातले दिवे बंद केले. जीव नुसता टांगणीला.

"बाई, काढा ना! सगळं जाईल!"

"अरे, अंधारात कसा काढू तिचा ओटा?"

"पाया पडतो बाई, काढा!"

ऊन पायरी चढलं, ओट्यावर आलं. बाईंनी बटण दाबलं. थोड्याच वेळात गाव गेलं आणि पडद्यावर कंपनीचे आभार तेवढे उरले.

तो फोटो छापून त्या परत आल्या. "साधी फ्रेम कर. आणि हाराला आकडा लाव."

"घराच्या फोटोला, बाई?"

"तिथेच भेटायचो ना रे आम्ही," म्हणाल्या आणि स्टुलावर बसून रडल्या. आकडा ठोकताना मलाही नीट दिसेना.

फ्रेम त्यांनी कागदात गुंडाळू दिली नाही. तशीच छातीशी धरून रस्ता ओलांडला आणि समोरच्या फुलवाल्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.