दुसरी तार

गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणत, पण खरे मामा ते एका भाचीचेच. बहीण गेली तेव्हा तिची चार वर्षांची मुलगी त्यांच्या घरी राहायला आली. मामा वायरमन. कोणाकडे पंखा बसवायला निघाले की भाची पक्कड हातात घेऊन मागोमाग, आणि तिथे पोचल्यावर "मामा, हे काय? मामा, ते काय?" सुरू. ऐकून ऐकून घरोघरची माणसंही मामा म्हणू लागली.

घराची पुढची खोली हेच दुकान. एक टेबल, एक स्टूल आणि खिळ्यांना लटकलेली वायरची वेटोळी. चाळीस वर्षांत आपण केलेल्या कामातून कुठे ठिणगी उडाली नाही, याचा मामांना अभिमान होता. त्यांची एक हातोटी तर गल्लीला फारच आवडायची. कोणाचा फ्यूज सारखा जायला लागला की मामा जात, चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज उपसून काढत आणि एका तारेच्या जागी दोन तारा पिळून बसवत. "एक तार पुरत नाही तुम्हाला. आता वर्षभर माझं तोंड बघायला नको." आणि खरोखरच फ्यूज पुन्हा जात नसे.

भाची शिकून नर्स झाली. परदेशात एका वृद्धाश्रमात तिला नोकरी लागली. निघायच्या आठवडाभर आधी मामांनी तिच्या सगळ्या विजेच्या वस्तू टेबलावर मांडून घेतल्या.

"आधी प्रत्येक वस्तूची पाठ वाच. काय लिहिलंय?"

"शंभर ते दोनशेचाळीस व्होल्ट."

"चल, बॅगेत. पुढची?"

"नुसतं दोनशेतीस."

"घरी."

मोबाइलचा आणि लॅपटॉपचा चार्जर पास झाले. इस्त्री आणि मिक्सर नापास.

"इस्त्री तरी नेऊ दे ना, मामा. पिन बदलायचा अडॅप्टर मिळतो की बाजारात."

"पिन बदलली म्हणून करंट बदलतो का? तिकडे व्होल्टेज आपल्या निम्मं. तुझी इस्त्री कोमट होईपर्यंत ड्यूटी संपायची. जावयाला सूट शिवला म्हणून तो साहेब होत नाही!"

"जावयाचा अजून पत्ता नाही आणि टोमणे आधीच सुरू," मामी आतून म्हणाल्या.

मग मामांनी तिच्यासाठी स्वतःच्या हातानं एक बोर्ड केला. कुठलीही पिन बसेल अशी चार सॉकेट, वायरीच्या टोकाला तिकडच्या पद्धतीची पिन आणि कोपऱ्यात आपला भरवशाचा फ्यूज. बॅग काट्यावर टांगली तर वजन जास्त भरलं. मामींनी खाऊचे डबे काढायला साफ नकार दिला. तेव्हा मामांनीच बोर्डाची जाड वायर काढली आणि बारीक जोडली. "चार्जरच लावायचेत. ही भरपूर झाली." फ्यूजच्या तारेचं एक कार्डही त्यांनी बॅगेच्या कप्प्यात सरकवलं.

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. मग तिकडे थंडी पडली.

एके दिवशी संध्याकाळी साडेपाचला मामांनी दुकान उघडलं आणि भाचीचा फोन आला. तिकडे सकाळ होती. ती रात्रपाळी करून नुकतीच खोलीवर आली होती. घरमालकिणीच्या माडीवरची ती छोटी खोली. भिंतीत एकच प्लग, तोही कपाटामागे. म्हणून सगळं काही मामांच्या बोर्डावर चालायचं.

"मामा, काल हिटर घेतला. इथलाच आहे, इथल्याच व्होल्टेजचा. पाठ वाचून घेतला! पण लावला की फ्यूज जातोय."

"किती वॅटचा?"

"पंधराशे."

"म्हणजे साडेसहा अँपिअर. एक तार पुरायची नाही. कार्ड आहे ना? दोन तारा पिळून लाव."

फोन चालू ठेवूनच तिनं तार बसवली. "चालला, मामा! काय उबदार वाटतंय. आता झोपते, डोळे मिटायला लागलेत."

"झोप, बाळा." मामांनी समाधानानं फोन ठेवला. साता समुद्रापलीकडेही आपलीच तार कामाला आली.

तासाभरानं समोरच्या घरातले सर आले. सर म्हणजे निवृत्त मास्तर. मुलाकडे चार महिने परदेशात राहून नुकतेच परतले होते. त्यांच्या हातात एक चकचकीत किटली होती.

"मामा, मुलानं दिली. इथे चालेल का?"

"आधी पाठ वाचायची, सर." मामांनी चष्मा लावला, किटली उलटी केली आणि वाचू लागले. "एकशेवीस व्होल्ट. म्हणजे इथे लावाल तर चहाआधी किटलीच उकळेल. पंधराशे वॅट. साडेबारा..."

मामा थांबले. त्यांनी बोटानं अक्षर पुसून पुन्हा पाहिलं. साडेबारा अँपिअर. वॅट तेच, पंधराशे. व्होल्टेज निम्मं, म्हणून करंट दुप्पट. शाळकरी पोरालाही जमेल असा हिशेब. पण चाळीस वर्षं तोंडात बसलेलं इथलं, दोनशेतीस व्होल्टचं कोष्टक त्यांनी वापरलं होतं. साडेसहा नव्हे, साडेबारा! आणि ती बारीक वायर सातही नीट सोसणारी नव्हती. फ्यूज जात होता तो बरोबर जात होता, वायर पेटण्याआधी स्वतः वितळत होता. तो ओरडून सांगत होता आणि आपण त्याच्या तोंडात बोळा कोंबला.

"मामा, करंट लागला की काय?" सर हसले.

मामांनी किटली टेबलावर ठेवली. त्यांनी भाचीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. रात्रपाळीहून आली की ती फोनचा आवाज बंद करून झोपते, हे त्यांना माहीत होतं. तरी तिसऱ्यांदा लावला.

"अगं, इकडे ये!" त्यांच्या हाकेनं मामी ओले हात घेऊन धावत आल्या. "त्या घरमालकिणीचा नंबर कुठे आहे?"

"कॅलेंडरच्या मागे. का? काय झालं?"

"वायर पेटेल. पोर झोपलीय."

 मामींनी कॅलेंडर खिळ्यासकट ओढून काढलं. इंग्रजीत बोलायचं म्हणून सरांनी फोन घेतला. पलीकडून बाईंचा आवाज आला आणि सरांनी घसा खाकरला. "गुड मॉर्निंग, मॅडम. आय ॲम स्पीकिंग ऑन बिहाफ ऑफ..."

मामींनी त्यांच्या हातातून फोन हिसकावला. "मॅडम! गर्ल रूम! फायर! प्लग काढ! गो, गो, गो!"

स्पीकरवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं. मग दारावर थापा. थापा थांबेनात. मामा टेबलाची कड धरून उभे होते.  'दार उघड,' ते मनात म्हणत होते, 'एवढं एक दार उघड.'

अखेर भाचीचा झोपाळू आवाज आला. "काय झालं? मामी? सगळे बरे आहात ना?"

"पिन काढ आधी!" मामा ओरडले. "बोर्डाला हात लावू नकोस. भिंतीतली काढ!"

कपाट सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काढली. मामा... कसला तरी वास येतोय."

तिनं व्हिडिओ लावला. जास्तीची वायर गुंडाळून तिनं गादीखाली सरकवून ठेवली होती, पायात येऊ नये म्हणून. तिनं गादी उचलली. वेटोळ्याचं प्लास्टिक वितळून एकमेकांत चिकटलं होतं, दोन ठिकाणी तांबं उघडं पडलं होतं. गादीच्या खालच्या अंगाला वीतभर तपकिरी डाग होता आणि त्याच्या मधोमध एक काळा ठिपका. डाग नेमका तिच्या पाठीखाली होता.

घरमालकीण तोंडावर हात धरून उभी होती. सरांनी टेबलावरची किटली हळूच बाजूला सारली.

"वाचले, मामा," भाची म्हणाली. "तुझा फोन आला म्हणून."

मामांना ते ऐकवेना. "माझं ऐकलंस म्हणूनच तर ही वेळ आली," एवढंच ते कसंबसं बोलले आणि स्टुलावर बसले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींना मीटरपाशी खुडबूड ऐकू आली. मामांनी मेन स्विच बंद करून स्वतःच्या घराचा फ्यूज काढला होता. त्यात तीन तारा होत्या.

"अगंबाई! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," मामी म्हणाल्या.  मामांनी तिन्ही तारा काढून एकच बसवली, पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर पडले.

पहिल्या घरातल्या वहिनी दारात आल्या. "मामा, आम्ही तर फोन केला नव्हता."

"माहीत आहे. फ्यूज दाखवा."

"उत्तम चाललाय की! दोन वर्षांत एकदाही गेला नाही."

मामांनी मान खाली घातली. "म्हणूनच आलोय," ते म्हणाले आणि चपला काढून आत गेले.